गाभाऱ्यातला वारा

भास्करराव कॅमेरा हातात धरून, गुडघ्यांवर बसून, वितीभर अंतरावरून फुलपाखरांची छायाचित्रे घेत असत. गेली तीन वर्षे धुवून आलेले प्रत्येक छायाचित्र पुसट निघत होते. "आमच्या मुळशीचा वारा लई खोडकर, मास्तर," असे वाघजाईची पूजा करणारा कान्हू दर वेळी म्हणे.

त्या सकाळी देवळामागच्या लिंबोणीवर, कोषातून नुकतेच निघालेले एक निळे फुलपाखरू पंख वाळवत बसले होते.

"फांदी अलगद तोड आणि गाभाऱ्यात आण. तिथे वारा नाही. दोष वाऱ्याचा की माझ्या हातांचा, ते आज कळेल."

"आत नगं, मास्तर. हितंच बरं हाय."

"आण म्हणतो ना."

कान्हूने फांदी देवीपुढच्या तांब्यात उभी केली आणि रोजचा दिवा लावला. काडी त्याने हात हलवूनच विझवली. देवीसमोर तोंडाने फुंकर घालणे त्याच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते. दारातले कोवळे ऊन पंखांवर आले होते.

भास्कररावांनी श्वास रोखून भिंगातून पाहिले. फुलपाखरू थरथरत होते. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. फुलपाखरू निश्चल होते. पुन्हा डोळ्याला लावला. ते पुन्हा थरथरले. मग त्यांची नजर सावकाश दिव्याकडे वळली. ज्योत सरळ उभी होती.

कान्हू दिव्याशी वाकला. त्याने हळूच फुंकर घातली. ज्योत हलली.

"बगा मास्तर," मान वर न करता तो म्हणाला, "वारा हितंबी हाय."