डावीकडचं झाड

"पोचल्या पोचल्या आधी धबधबा, मग जेवण. भरल्या पोटी त्या पायऱ्या उतरवत नाहीत," जावई म्हणाला. एका दिवसाची सहलसुद्धा तो लढाईवर निघाल्यासारखी आखत असे. स्टुडिओच्या काउंटरवर नकाशा पसरला होता. गाडीत कोण कुठे बसणार ते ठरलं होतं, थर्मास कुणी धरायचा एवढंच बाकी होतं.

"रविवारी माझं काही खरं नाही," फोटोग्राफरची बायको म्हणाली. "नळवाला यायचाय."

"आई, नळवाला मागच्या रविवारीही यायचा होता," लेक म्हणाली. "त्याच्या आधी तुझा गुडघा होता."

"गुडघा अजून आहे."

फोटोग्राफर लेन्स पुसत होता. धबधबा गाडीने तीन तासांवर. तो बघायला लोक समुद्र ओलांडून येत. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिथे जाऊन भिजून आलं होतं. राहिले होते ते हे दोघेच. तो राहिला दुकानापायी, कारण रविवारी गिऱ्हाईक जास्त. ती का राहिली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

लेक-जावई तोंड पाडून निघून गेले. बायको नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसली, पडद्यासमोर.

त्या पडद्यावरही तोच धबधबा होता. स्टुडिओ उघडायचा होता त्या आठवड्यात पडदा रंगवणारा पेंटर रंगाचे डबे ठेवून जो गेला, तो परत फिरकलाच नाही. नवा संसार, नवं दुकान, आणि मागे कोरं कापड. मग तिनेच बाह्या सरसावल्या. बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र समोर ठेवून तिने भिंतभर धबधबा रंगवला. डाव्या बाजूला कापड फाटलं होतं. तिथे ठिगळ लावलं आणि ठिगळ दिसू नये म्हणून त्यावर एक झाड काढलं. दुकान, घर, लेक या धबडग्यात पुन्हा ब्रश हातात धरणं काही झालं नाही. पण गावातली निम्मीअधिक लग्नं त्या झाडाशेजारी उभी राहून घरोघरच्या भिंतींवर गेली होती.

"खरं सांग," फोटोग्राफर म्हणाला. "काय अडतंय?"

तिने पडद्याकडे बोट केलं.

"अहो, मी आयुष्यात एकच चित्र काढलंय. खरा धबधबा बघून आले, की मग रोज या स्टुलावर बसून मी बघायचं काय?"

त्याला वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी काढून आपण एवढंही विचारलं नाही, याची लाजही वाटली. "राहू दे," तो म्हणाला. "नको म्हणून सांगतो त्यांना." त्याने फोन उचलला.

तेवढ्यात दार ढकलून पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला आणि त्याची बायको आत आले. दोघंही नखशिखान्त भिजलेले. बुटांतून पचपच आवाज येत होता.

"एक फोटो काढा आमचा," बेकरीवाला म्हणाला. "असाच, ओलेत्याने."

"कुठून आलात असे?"

"धबधब्यावरून. मोटरसायकलवर वाटभर पावसाने वाळूच दिलं नाही. आज लग्नाचा वाढदिवस. तडक इथेच आलो."

"मग तिथे नाही काढला फोटो?"

"काढले की ढीगभर. पण लग्नातला फोटो या झाडापाशी काढलाय. त्याच्या शेजारी लावायचा तर झाड नको का?"

फोटोग्राफरची बायको स्टुलावरून उठली. तिने बेकरीवाल्याच्या बायकोला जरा बाजूला घेतलं. "तिथला कसा आहे?"

बेकरीवाल्याची बायको सरळ मनाची. तिने नीट विचार करून सांगितलं, "मोठा आहे. पण आवाज फार करतो हो. शेजारच्याशी बोलूसुद्धा देत नाही. तुमचा बरा. गप्प असतो."

फोटोग्राफरची बायको हसायला लागली. इतकी हसली, की तिला काउंटरचा आधार घ्यावा लागला. फोटोग्राफर बघतच राहिला. मग तिनेच टॉवेल आणला, दोघांचे केस पुसले, आणि त्यांना झाडाजवळ उभं केलं. भांग मात्र बेकरीवाल्याने स्वतः पाडला, तोही आरशात तीनदा बघून.

ते दोघे गेल्यावर लादीवर ओल्या बुटांचे ठसे राहिले. ती फडकं घेऊन पुसायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "जावयांना फोन लावताय ना? सांगा, थर्मास मी धरते."

"आणि नळवाला?"

"तो कुठला येतोय."

रविवारी त्या पायऱ्या ती जावयाच्याही पुढे उतरली. गुडघ्याचं नाव काढलं नाही.

कठड्यापाशी फोटोग्राफर तिच्या शेजारी उभा राहिला. कॅमेरा त्याने कोटाच्या आत धरला होता. धबधब्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. डब्यावरच्या चित्रात पाणी निळं होतं. हे पांढरंशुभ्र होतं, आणि मान मागे टाकून बघावं लागेल एवढ्या उंचावरून कोसळत होतं. तिच्या चष्म्यावर तुषार साचले. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला. वरपासून खालपर्यंत बघितलं. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं, आणि तिथे ती थबकली. तिचे ओठ हलले, पण पाण्याच्या आवाजात काही कळलं नाही. भीतभीतच त्याने कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"छान आहे," ती ओरडून म्हणाली. "पण डावीकडचं झाड काढायचं राहिलंय."