कॅमेऱ्यात उलटं दिसतं

"यायचं आसलं की माणूस मिळंल त्या गाडीनं येतं, शरयू. गाडी घिऊन यायची वाट बघत न्हाई," असं तात्या म्हणाले होते. पलटणीत असताना सुट्टी मंजूर झाली की ते जम्मूहून डब्याच्या दाराशी उभ्यानं यायचे. शरयू हसली होती. "अहो तात्या, शारजाहून उभ्यानं येता येत नाही. आणि हे आपली तिथली गाडी आणतायत हौसेनं, तर आणू दे की." सासऱ्यांनी परत विषय काढला नाही. उलट महिन्याभरात उंब्रजच्या घरासमोर पत्र्याची शेड उभी राहिली. सून शिकलेली हाय, ती म्हणती म्हंजे गाडी येणार, असं ते गावाला सांगू लागले.

आज शरयू सांगलीच्या मार्केट यार्डात दिग्विजयच्या ऑफिसात बसली होती. मांडीवर चार वर्षांची लेक ज्ञानदा. बाहेर बेदाण्याची खोकी टेम्पोत चढत होती. परदेशी जाणाऱ्या बेदाण्याची कस्टमची कामं दिग्विजय करायचा. परदेशातून गाडी आणणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं पहिलंच.

शरयूनं सगळं मोबाइलवर मांडून आणलं होतं. गाडीची किंमत, त्यात जहाजाचं भाडं, त्यात विमा. त्या बेरजेवर कस्टमची ड्युटी, त्यावर पुन्हा जीएसटी, शेवटी आरटीओचा कर वेगळा. नवरा, पृथ्वीराज, शारजात एसीच्या कंपनीत होता. दर आठवड्याला त्याचं फोनवरून नवं काम यायचं. आधी ड्युटीचा दर बघ. मग बंदरावर काय काय भरावं लागतं ते विचार. मग वापरलेल्या गाडीची किंमत किती घटवून धरतात ते काढ. "आकडा पक्का झाला की राजीनामा टाकतो आणि गाडीसकट घरी येतो," असं तो गेल्या दिवाळीपासून म्हणत होता. म्हणून ती आकड्याच्या मागं लागली होती. गाडीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"ताई, हे बघून आमच्या अकाउंटंटला घरी बसवावं वाटतंय," दिग्विजय म्हणाला. "पण गाडीपेक्षा कर जड झालाय की. एवढ्यात इथं नवी येती."

"त्यांचा जीव आहे त्या गाडीवर."

"आसू दे. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे?"

शरयूनं वर बघितलं.

"बेदाण्याला असलं काही विचारावं लागत नाही, म्हणून शेवटी आठवलं," तो हसत म्हणाला. "तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात. स्टिअरिंग डावीकडं. तसली वापरलेली गाडी आपल्याकडं आणू देत नाहीत. कर किती, हा प्रश्नच राहत नाही." मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज खाली घेतला. "साहेबांना माहीत असेल की, ताई. रोज चालवतात म्हटल्यावर."

घरी ज्ञानदा जेवणाची ताटली धरून सोफ्यावर गाडी चालवायची, ती नेहमी डाव्या टोकाला बसून. "ड्रायव्हर इकडं बसतो गं," असं शरयूनं एकदा सांगितलं, तर पोर म्हणाली, "पप्पा तिकडंच बसतात." शरयूनं त्याच रात्री पृथ्वीराजला विचारलं होतं. तो केवढा हसला होता. "अगं, कॅमेऱ्यात उलटं दिसतं." तिनं तेव्हा मान डोलावली होती.

ती ज्ञानदाला घेऊन बाहेर आली. खोक्यांच्या आडोशाला उभं राहून तिनं व्हिडिओ कॉल लावला. पृथ्वीराज गाडीतच होता. त्याच्या मागच्या काचेतून एका दुकानाची पाटी दिसत होती. ज्ञानदाला शाळेत अक्षरं नुकतीच लागली होती, दिसेल ते वाचायची. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "बी. ए. के. ई..."

सगळी अक्षरं सुलटी होती.

"आकडा पक्का झाला," शरयू म्हणाली. "राजीनामा टाका."

"एकदा विम्याचं परत विचारून घे. घाई नको करू."

"आणि स्टिअरिंगचं? तेही विचारू?"

पृथ्वीराजनं बाहेर बघितलं. डाव्या हाताच्या खिडकीतून. "इथं रेंज नाही गं," म्हणाला आणि स्क्रीन काळा झाला.

"पप्पा गेले?" ज्ञानदानं विचारलं. शरयू काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजला. तात्या होते.

"काय म्हणला गं तो मार्केट यार्डवाला?"

"आकडा... काढतोय, तात्या."

"काढू दे निवांत. आज शनवार न्हवं का, शेडची लिंबू-मिरची बदलली म्या. आयत्या वक्ताला धावपळ नगं."

"गाडी यायच्या आधीच, तात्या?"

"तुझा सबुद हाय की."

त्यानंतर बरेच शनिवार गेले. शरयू अजून उंब्रजला गेलेली नाही. एसटीत बसते, उंब्रजच्या अलीकडं कराडलाच उतरते, पोरीला उसाचा रस पाजते आणि सांगलीची गाडी धरते.

तुम्ही शनिवारचे हायवेनं साताऱ्याकडं निघाला असाल, तर तिचं एक काम करा. उंब्रजला जरा आत वळा. नव्या पत्र्याची रिकामी शेड कुणीही दाखवेल. तात्या लिंबू-मिरची घेऊन स्टुलावर चढलेले असतील. ते स्टूल डुगडुगतं, तेवढं धरा. उतरल्यावर जेवलात का विचारा. गाडीचं काढू नका.