जहाज बंदरातच

डाकोटातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी आली, की आस्लाउग म्हातारी साखरेचा खडा दातांत धरून माझ्या नवऱ्यासमोर येऊन बसायची. नॉर्वेहून येताना बुडालेल्या जहाजातून आमच्या गावचा तो एकटाच वाचला होता. तिचा मुलगा आयविंड त्याच जहाजावर होता.

“सांग रे, टोर्गेर,” परवाही ती म्हणाली.

“थकलो गं मावशी. तेच वादळ, तेच पाणी, किती वेळा सांगू? तुला तर माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.”

“आहे की. पण तू सांगतोस, तेव्हा बुडेपर्यंत तरी तो जिवंत असतो.”

टोर्गेरनं डोळे चोळले. एरवी तो वादळापासून सुरुवात करायचा.

“आयविंड बंदरावर उशिरा आला, मावशी. शीळ घालत आला.”

सगळ्यांची कॉफी संपली, तरी जहाज बंदरातच होतं.