केतकीचा वजीर

संगणकाशी बुद्धिबळ खेळताना पाचवीचा वर्ग रोज हरायचा. आज हार दिसू लागताच ढोबळेबाईंनी पडद्यावरचा डाव लाकडी पटावर मांडला, तशी मुलं त्यावर ओणवली.

“बाई, वजीर देऊन टाकू,” केतकी म्हणाली.

“मग उरेल काय?” वर्ग खवळला. बाईंनाही पुढचं दिसेना. पण केतकीची नजर पटावरून हलत नव्हती. बाईंनी माऊस दाबला.

संगणकाच्या हत्तीनं वजीर मारला आणि आपल्याच राजाची पळवाट अडवली. लगेच मुलांचा घोडा उडी घेऊन आला. शह आणि मात.

पोरं नाचू लागली. केतकी मात्र सोंगट्या पुन्हा मांडत होती.

“बाई, आता याहून अवघड लावा.”

“लावते,” बाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, “पण आधी मला शिकव, हे दिसलं कसं तुला.”