लाल बल्ब

थंडीत दिवस लहान झाला आणि कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं, म्हणून नवऱ्याने परसातल्या खुराड्यात भला मोठा पांढरा बल्ब टांगला. अंडी सुरू झाली, आणि मारामारीही. आज सकाळी तांबड्या कोंबडीच्या शेपटीशी जराशी जखम दिसली मात्र, बाकीच्या सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. बायको सोडवायला आत शिरेपर्यंत त्यांनी तिची आतडी बाहेर ओढली होती.

हात धुऊन ती तशीच कोंबडीखाद्याच्या दुकानात गेली.

“वहिनी, हा सगळा त्या पांढऱ्या उजेडाचा प्रताप,” दुकानदार म्हणाला. “रक्त दिसलं की त्यांना चेव येतो. मग जीव जाईपर्यंत सोडत नाहीत. लाल बल्ब लावा. लाल उजेडात रक्त कळतच नाही.”

“मग थांबतात? नक्की?”

“अहो, एकमेकींना चिकटून झोपतात.”

“दोन द्या.”

“दोन कशाला? खुराडं तर एकच आहे ना तुमचं?”

फुटलेल्या ओठावर मफलर ओढून घेत ती म्हणाली, “दुसरा स्वयंपाकघरात लावते. हे जेवायला यायच्या आत.”