डावा पाय

हाडं जुळवता जुळवता दादाचे केस पिकले होते, पण असं त्याने पाहिलं नव्हतं. उत्खननात चाळीस हरणं निघाली आणि प्रत्येकाचा मागचा डावा पाय मोडून पुन्हा जुळलेला होता.

"शिकारी आळशी असणार, दादा," हाडं धुणारी बहीण म्हणाली. "लंगडं आयतंच सापडतं."

"अगं, चाळीसच्या चाळीस? धडधाकट सोडून त्यांनी हीच निवडली."

"मग माझं काही खरं नाही!" हसत ती चहा आणायला उठली आणि लहानपणी मोडलेला डावा पाय ओढत गेली.

हरणांसोबतच निघालेली भाल्यांची दगडी पाती टेबलावर दादाने सकाळी खिडकीकडे टोकं करून मांडली होती. आता सगळी टोकं बहीण गेली त्या दाराकडे होती. त्याने ती परत खिडकीकडे फिरवली.

लंगडती पावलं व्हरांड्यातून मागच्या दाराशी आली.

"दादा, दार उघड. हातात कप आहेत."

कडीवर हात ठेवून त्याने वळून पाहिलं. टोकं आता मागच्या दाराकडे होती.