पक्कं काम

खोलीवाल्यानं सामान बाहेर फेकलं, तेव्हा विशीतल्या वेल्डर आणि फिटरचा धीर सुटला. तीन महिन्यांचा पगार कारखान्याच्या मालकानं ऑफिसच्या तिजोरीत दाबून ठेवलाय, ही खात्री होतीच. रविवारी भरदुपारी दोघं पहार घेऊन ऑफिसच्या खिडकीला भिडले. पहार वाकली, ग्रिल तसूभर हललं नाही. “एवढं पक्कं कशाला केलंस?” फिटर करवादला. “तेव्हा काय ठाऊक, मलाच तोडावं लागेल,” वेल्डर तळहातावरचे फोड फुंकत म्हणाला. सोमवारी मालकानं वेल्डरची पाठ थोपटली. “चोर येऊन गेले, पण तुझ्या वेल्डिंगचा एक टाका निघाला नाही. दारालाही असंच ग्रिल बसव. मजुरी पगारासोबत देतो.” वेल्डरनं दातओठ खात काम उरकलं. संध्याकाळी फिटरनं विचारलं, “ठरल्याप्रमाणे टाके कच्चे ठेवलेस ना?” वेल्डरनं दोन्ही हातांनी ग्रिलला हिसका दिला. ते ढिम्म हलेना. “हात ऐकत नाहीत साले.”